एकतीस नंबरचा रिमोट

मी गणित शिकवते आणि मला राग लवकर येतो. या दोन्ही गोष्टी मुकुंदवाडीत सगळ्यांना माहीत आहेत. एकाच शाळेत बावीस वर्षं काढली की रिक्षावालेसुद्धा आपले जुने विद्यार्थी निघतात. मला बघून ते आधी गाणं बंद करतात आणि मग विचारतात, "कुठं जायचं, मॅडम?" आता जे सांगणार आहे ते मात्र थोड्यांनाच माहीत आहे. ते सांगताना मला लाज वाटते. वर्ष होत आलं तरी वाटते, कानाच्या पाळ्या तापतात.

गेल्या वर्षी जूनमध्ये वाळूजच्या एका कंपनीनं आमच्या शाळेला रिमोट दिले. प्रणय नावाचा कंपनीचा तरुण मुलगा दोन पेट्या घेऊन आला. सातवीच्या दोन तुकड्या, प्रत्येकीला एक पेटी, पेटीत बेचाळीस रिमोट. टीव्हीच्या रिमोटपेक्षा लहान, चार बटणं आणि पाठीवर नंबर. हजेरीचा जो नंबर तोच रिमोटचा. मी लॅपटॉपवर प्रश्न लावायचा, तो भिंतीवरच्या पडद्यावर दिसायचा, खाली चार पर्याय, आणि पोरांनी बटण दाबायचं. पडद्याच्या तळाशी बेचाळीस चौकोन असायचे. ज्याचं उत्तर पोचलं त्याचा चौकोन हिरवा व्हायचा. सगळ्यांचं झालं की बरोबर उत्तर पडद्यावर यायचं, आणि चुकलेल्यांचे नंबर फक्त माझ्या लॅपटॉपवर.

पहिल्या दिवशी मी प्रणयला म्हणाले, "बाळा, खडू आणि माझा आवाज, एवढ्यावर माझं भागतं." तो हसला. आठ दिवसांनी मीच त्याला फोन करून विचारत होते, पेटी घरी नेता येईल का, नवे प्रश्न लावून बघायचेत. कारण साधं होतं. बावीस वर्षं मी "समजलं का?" असं विचारत आले आणि पोरं एका सुरात "होऽऽ मॅडम" म्हणत आली. त्यातली निम्मी थापा मारतात हे मला ठाऊक होतं. पण कोणती निम्मी, हे ठाऊक नव्हतं. आता ते तिथल्या तिथं कळायला लागलं.

मग मी माझी एक पद्धत बसवली. प्रश्न झाला की चुकलेले नंबर पुकारायचे. "सात, अठरा, बावीस, टेबलाशी या." तिघं-चौघं वह्या घेऊन यायची, चूक नेमकी कुठं होतेय ते मी बघायचे, दोन मिनिटांत समजावून परत पाठवायचे. पोरांना टेबलाशी यायला आवडायला लागलं. इतकं, की ज्यांचं बरोबर आलंय तीही घुसायची आणि टेबलाभोवती जत्रा भरायची. म्हणून मी दरडावून नियम केला, नंबर पुकारल्याशिवाय कुणीही टेबलाशी यायचं नाही. आला तर बाहेर उभा करीन. माझा नियम मोडायची कुणाची छाती नव्हती.

इथपर्यंत सगळं छान होतं. घोळ झाला तो टक्केवारीनं.

आमचे मुख्याध्यापक सर्जेराव सर पाचोडकडचे, मनानं सरळ, पण आकडा दिसला की तो कुठंतरी चिकटवल्याशिवाय त्यांना राहवत नाही. त्यांनी दर शनिवारी दोन्ही तुकड्यांची टक्केवारी कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावायला सुरुवात केली. म्हणजे वर्गात जी पोरं हजर होती, त्यांची सरासरी किती उत्तरं बरोबर आली. माझ्या 'अ' तुकडीची एकसष्ट. 'ब' तुकडीची त्रेसष्ट. 'ब' तुकडीला सत्यभामा शिकवते. सत्यभामा आत्ताआत्ता, सहा वर्षांपूर्वी लागली. तिला सातवीत असताना मी शिकवलंय. चार शनिवार ओळीनं तिची तुकडी पुढं राहिली. पाचव्या शनिवारी ती फलकासमोर माझ्या शेजारी उभी राहिली आणि फार प्रेमानं म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडं या वर्षी जरा अवघडच पोरं आलीत, नाही का?"

मी म्हणाले, "पोरं अवघड नसतात, सत्यभामा." आणि घरी येऊन पोळ्या करपवल्या.

ऑगस्टमध्ये एक दिवस माझ्या वर्गातली तीन पोरं आली नव्हती. शिवम आणि सत्यम ही जुळी भावंडं, ज्यांना आठवड्यातून एकदा तरी पोटदुखी व्हायची, आणि तीही दोघांना एकाच वेळी. तिसरी माहनूर, एकतीस नंबर, त्याच वर्षी दुसऱ्या शाळेतून आलेली, अगदी गप्प मुलगी. लॅपटॉपवर सगळ्यांची नावं असतात, प्रत्येकापुढं हजेरीची खूण. गैरहजर असेल त्याची खूण काढायची, मग यंत्र त्याला मोजत नाही. मी तिघांच्या खुणा काढल्या. त्या दिवशी वर्गाची टक्केवारी पासष्ट आली.

दुसऱ्या दिवशी तिघं हजर होती. मी त्यांच्या खुणा परत लावल्या नाहीत.

विसरले असं म्हणता येईल, पण ते खोटं होईल. माझं बोट त्या चौकोनावर होतं, आणि मी ते उचललं. मनाची समजूत घालायला माझ्याकडं एक जुना दाखला तयार होताच. मी पाचोडच्या शाळेत शिकत होते तेव्हा तपासणीला साहेब आले की गुरुजी आम्हाला आदल्या दिवशी पढवायचे. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येतंय त्यानं उजवा, येत नाही त्यानं डावा. गुरुजी फक्त उजव्यांना उठवायचे. साहेब खूश, गुरुजी खूश, आणि डावा हात वर करणारेसुद्धा खूश. मी स्वतःला सांगितलं, सगळेच करतात. शिवाय तीन पोरांना मी काही वर्गाबाहेर काढलेलं नाही. तीही रिमोट दाबतातच की.

जुळ्यांना काही कळलंच नाही. चौकोन हिरवा झाला काय नि न झाला काय, त्यांना दोन्ही सारखंच. माहनूरला मात्र त्याच दिवशी कळलं. तास संपल्यावर ती दाराशी थांबली.

"मॅडम, माझा एकतीस हिरवा होत नाही."

"सेल उतरले असतील," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिनं दप्तरातून कागदात गुंडाळलेले दोन सेल काढले आणि स्वतःच रिमोटमध्ये घातले. घरून आणले होते. मग पूर्ण तास तिची नजर पडद्याच्या तळाशी होती. प्रत्येक प्रश्नाला तीस हिरवा, बत्तीस हिरवा, मधला एकतीस पांढरा. मी म्हणाले, "लांबून पोचत नसेल. पुढं बस." ती पाचव्या बाकावरून दुसऱ्या बाकावर आली. तिथून ती हात लांब करून, रिमोट लॅपटॉपकडं रोखून दाबायची. पोरं हसायची. मी पोरांना गप्प करायचे, आणि तेवढ्यावर मला वाटायचं, मी तिची बाजू घेतली.

थोड्या दिवसांनी तिनं विचारणं सोडलं. दाबणं सोडलं नाही. तिच्या चुका मला कळत नव्हत्या, कारण एकतीस नंबर माझ्या यादीत यायचाच नाही. त्यामुळं तिला मी टेबलाशी कधी बोलावलं नाही. आणि पुकारल्याशिवाय ती येणार नव्हती, तसा नियमच होता.

फलकावर आता माझी तुकडी पुढं होती. सगळे मिळून जेमतेम चार टक्के. तेवढ्यासाठी मी दर शनिवारी फलकासमोरून जरा हळू चालायचे.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी पालकसभा झाली. मी त्या दिवशी प्रशिक्षणाला गेले होते. प्रणयच्या यंत्रानं प्रत्येक पोराचं एक पान आपोआप छापून दिलं होतं, आणि सर्जेराव सरांनी ती पानं मोठ्या हौसेनं पालकांना वाटली. असं पान निघतं हे मला माहीतच नव्हतं. सोमवारी शाळेत आले तर सरांनी निरोप ठेवला होता, एकतीस नंबरचे वडील आलेत, कार्यालयात या.

इब्राहीमभाई खुर्चीच्या कडेवर बसले होते. कंपनीचा गणवेश अंगातच होता, पाळी संपवून थेट आले असावेत. शेजारी माहनूर उभी. टेबलावर ते पान. मी उभ्या उभ्या वाचलं. गणित सराव, एकूण तास एक्याऐंशी. हजर एकोणतीस. गैरहजर बावन्न. ऑगस्टपासून सलग गैरहजर.

खूण काढली की टक्केवारीत मोजत नाहीत एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती खूण गैरहजेरीची आहे, आणि कुठंतरी तिची नोंद होत असेल, हे गणिताच्या बाईच्या डोक्यात आलं नाही.

"मॅडम, तुम्हाला तकलीफ देतोय," इब्राहीमभाई म्हणाले. "सकाळची हजेरी हाय हिची. घरी पण टायमावर येती. मग शेवटच्या तासाला ही जाती कुठं, एवढं कळू द्या मला. घरी इचारलं तर म्हनती, मी वर्गातच असते."

"मी वर्गातच असते," माहनूर म्हणाली. आवाज बारीक होता, पण स्वच्छ.

"बघा, अजून तेच!" ते सरांकडं वळले. "मी वाळूजला सीएनसी मशीन चालवतो, सर. अठरा वर्षं. आमच्याकडं मशीन म्हनलं एकशे नव्वद पीस झाले, तर एकशे नव्वद. मानूस म्हनतो दोनशे काढले, त्याला कोन इचारतं? मशीनला काय गरज खोटं बोलायची? ही खोटं बोलायला शिकली, मॅडम. टीव्हीच्या रिमोटचे सेल काढून नेले घरातून. म्हनली शाळेच्या रिमोटला लागतात. आता कंपनीनं येवढं दिलं, ते सेल देनार नायत व्हय? तेव्हाच मला समजायला पायजे होतं."

सर मला म्हणाले, "मॅडम, तुमचा तास. पोरगी वर्गात आसती का नाय, येवढंच सांगा."

एवढंच सांगायचं होतं. तीन शब्द. असते, रोज असते. माहनूर माझ्याकडं बघत होती. तिच्या तोंडावर भीती नव्हती, उलट आता सुटले असं होतं. आता मॅडम आल्या, मॅडम सांगतील.

मी म्हणाले, "दिसते कधी कधी. बेचाळीस पोरं असतात, सर. प्रत्येकाकडं लक्ष राहत नाही."

माहनूर म्हणाली, "मॅडम, मी दुसऱ्या बाकावर बसते. तुम्हीच बसवलं मला पुढं."

"बघते मी," असं म्हणून मी घड्याळाकडं पाहिलं. "माझा तास आहे."

इब्राहीमभाई उठले आणि त्यांनी माझी माफी मागितली. तुमच्यासारख्या बाईंचा वेळ घेतला, म्हणाले. दाराशी त्यांनी पोरीला हळू आवाजात विचारलेलं मला ऐकू आलं. "सच बोल बेटा, कहाँ जाती तू?" ती आता उत्तर काय देणार? खरं होतं ते देऊन झालं होतं.

त्या आठवड्यात जुळ्यांच्या घरीही तेच पान पोचलं होतं. त्यांच्या बापानं न विचारता दोघांना बदडलं. आणि दोघांनी मुकाट्यानं मार खाल्ला, कारण आपण कधीमधी दांडी मारतो, त्यात हेही असेल, असं त्यांना वाटलं. सत्यमनंच मला हसत हसत सांगितलं. मी हसले नाही.

मंगळवारपासून इब्राहीमभाई फाटकाबाहेर दिसायला लागले. त्यांनी रात्रपाळी मागून घेतली होती. रात्रभर मशीनपुढं उभं राहायचं, सकाळी थोडी झोप काढायची, आणि चारच्या ठोक्याला गाडी लावून फाटकासमोर बसायचं, पाचला शाळा सुटेपर्यंत. माझ्या वर्गाच्या खिडकीतून ते सरळ दिसायचे. गाडीवर बसल्या बसल्या त्यांची मान खाली जायची आणि दचकून वर यायची. पोरींना कळायला वेळ लागत नाही. "तुझे अब्बू पहारा देतात," असं कुणीतरी म्हणालं आणि मधल्या सुट्टीत माहनूर एकटी डबा खायला लागली.

मी काय केलं? मी बुधवारी गुपचूप तिघांच्या खुणा लावल्या. मला वाटलं, आता पुढचं तरी नीट होईल. पहिल्याच प्रश्नाला एकतीस हिरवा झाला. माहनूर जागेवरच अर्धी उठली. तिनं मागं वळून सगळ्यांकडं पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडं पाहिलं. मग माझ्या लॅपटॉपवर चुकलेले नंबर आले. नऊ, चोवीस, एकतीस.

मी पुकारलं, "नऊ, चोवीस, टेबलाशी या."

एकतीस मी पुकारला नाही. ती टेबलाशी आली असती तर वहीवर दोन डोकी जवळ आली असती, तिच्या डोळ्यांत बघावं लागलं असतं. माझ्यात तेवढी धमक नव्हती. त्या आठवड्यात आणि पुढच्या आठवड्यात तिचा नंबर रोज आला आणि मी रोज तो गिळला. माझ्या चुकांमधली ही सगळ्यात हलकट होती असं मला वाटतं. पहिली मी मत्सरानं केली. ही मी समजून उमजून केली.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. त्या दुसऱ्या आठवड्याच्या शनिवारी सरांनी मला पुन्हा बोलावलं. यावेळी ते खुशीत होते. इब्राहीमभाई समोर बसले होते, डोळे लाल. माहनूर भिंतीला टेकून उभी, हातात वही.

"या मॅडम, या. काम झालं," सर म्हणाले आणि त्यांनी नवं पान पुढं केलं. "हे बघा. इब्राहीमभाई फाटकात बसाया लागले आन् दुसऱ्या दिवसापासून पोरगी एकूण एक तासाला हजर! शंभर टक्के. याला म्हणत्यात पालक."

इब्राहीमभाईंनी पान दोन्ही हातांनी धरलं. बराच वेळ बघितलं. "म्हणजे खरंच जात होती कुठंतरी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच मला सहन होईना. "सर, मला वाटत होतं, कुठंतरी गलती निघंल. मनातून वाटत होतं. आता काय राह्यलं? बसतो मी. मार्चपर्यंत बसतो. हिला सोडून चालनार नाय."

माहनूर आता माझ्याकडं बघत नव्हती. ती जमिनीकडं बघत होती आणि तिची मान अशी झुकली होती की जणू तिनंच काहीतरी केलंय. दोन आठवड्यांत तिला आम्ही सगळ्यांनी मिळून तिथं आणलं होतं.

मी म्हणाले, "सर, यात चूक आहे."

"चूक?"

"आधीचं पान चूक होतं. ही रोज वर्गात होती."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. बावीस वर्षांत मी त्यांना एवढ्या हळू आवाजात बोलताना कधी दिसले नसेन. माणूस हुशार आहे, त्यांना काहीतरी वास आला. ते घाईनं म्हणाले, "मग मशीनचा काहीतरी लोचा आसंल. नवीन यंत्रं आहेत, होतं आसं. इब्राहीमभाई, मशीनची चूक झाली बघा. मी प्रणयला सांगतो. इषय संपला."

सुटकेचं दार उघडं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, मी मुंडी हलवली असती तर झालं असतं. इब्राहीमभाईंनी पान टेबलावर ठेवलं, आणि त्यांच्यातला कारागीर जागा झाला.

"नाय सर. मशीन चुकलं तर सगळ्यांचं चुकवतं. ऐंशी-पंच्याऐंशी पोरांतून येकट्या पोरीला बावन्न येळा कशी चुकवंल? मशीन आपल्या मनानं काय करत नाय. मानूस फीड करतो तेच ते दाखवतं." मग ते माझ्याकडं वळले. "मॅडम, ह्यात हजेरी कोन भरतं?"

"मी," मी म्हणाले. "मी भरते."

आणि मग मी सगळं सांगितलं. फलक, एकसष्ट, त्रेसष्ट, पासष्ट. शिवमचं, सत्यमचं, हिचं. रिमोट चांगला होता, सेलही चांगले होते, उगाच सेल आणायला लावले. त्या दिवशी इथंच उभं राहून मी "दिसते कधी कधी" म्हणाले, तेही खोटं होतं. बोलताना मी हात पाठीमागं धरले होते, पोरं धरतात तसे. सर खिडकीकडं बघत राहिले.

इब्राहीमभाई ओरडतील असं मला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, भिंतीपाशी गेले आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"मेरेकू माफ कर बेटा. मैं तेरी नै सुना. कागज की सुना."

मग तिथूनच, माझ्याकडं न वळता ते म्हणाले, "मॅडम, मी माझ्या पोरीला घरात सगळ्यांसमोर खोटारडी म्हनालो. तिच्या दादीसमोर म्हनालो. तुम्ही मला रोज फाटकात बसलेलं बघत होता."

"बघत होते," मी म्हणाले.

"खिडकीतून."

"हो."

आणखी विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. आतापर्यंत मी सगळं त्यांना आणि सरांना सांगितलं होतं. जिचं वाटोळं केलं ती मुलगी तिथंच उभी होती आणि तिच्याशी मी अजून एक शब्द बोलले नव्हते. हे लक्षात आलं तेव्हा मला आणखी लाज वाटली. मी तिच्यासमोर गेले. "माहनूर, माझं चुकलं. फार चुकलं."

ती "असू दे मॅडम" म्हणाली नाही. मोठ्यांनी माफी मागितली की पोरं घाबरून तसं म्हणतात. ती म्हणाली नाही, आणि ते बरोबरच होतं. तिनं थोडा विचार केला आणि विचारलं, "परवा माझा नंबर आला होता का? चुकलेल्यांत?"

"आला होता."

"त्याच्या आदल्या दिवशी?"

"तेव्हाही आला होता. रोज आला."

"मग आता येऊ का टेबलाशी?"

टेबल सरांचं होतं. सर खुर्ची मागं सारून उठले. माहनूरनं वही उघडून माझ्यापुढं ठेवली. मागची पानं भरलेली होती. रोज पडद्यावर येणारी गणितं तिनं उतरून घेतली होती, शेजारी आपलं उत्तर, त्याच्या शेजारी पडद्यावर आलेलं बरोबर उत्तर. ऑगस्टपासून. तारखा घालून.

मी पहिलं पान बघितलं. उणे संख्या आम्ही ऑगस्टमध्येच सुरू केल्या होत्या. उणे सात अधिक तीन. तिचं उत्तर उणे दहा. पडद्यावरचं, उणे चार. पुढं उणे नऊ अधिक पाच. तिचं उणे चौदा. पडद्यावरचं, उणे चार. तिनं त्याभोवती गोल काढला होता आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढलं होतं. मी पानं उलटत गेले. सप्टेंबर, ऑक्टोबर. समीकरणं आली तरी आत तीच चूक. उणे संख्येत काहीही मिळवलं की ती बेरीज करायची आणि पुढं उणे लावायची. एकच चूक, पानामागून पान. पहिल्या दिवशी एकतीस नंबर माझ्या यादीत आला असता तर पहिल्याच दिवशी दिसली असती.

मी पेन्सिल घेतली. "विहिरीला पायऱ्या असतात बघ. तू जमिनीपासून सात पायऱ्या खाली उतरलीस. उणे सात. आता तीन पायऱ्या वर चढ. कुठं आलीस?"

तिनं टेबलाच्या कडेवर बोटानं मोजलं. "खालच्या चौथीवर."

"म्हणजे किती?"

"उणे चार." ती थांबली. मग तिनं पेन्सिल माझ्या हातातून घेतली आणि खालचं गणित केलं, मग त्याखालचं. पान उलटून समीकरणातलंही केलं. तिन्ही बरोबर. इब्राहीमभाई मागून वाकून बघत होते. सगळं मिळून मिनिटभरही झालं नसेल.

तिनं मागची सगळी पानं अंगठ्याखालून एकदा सरकवली आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं.

"एवढंच होतं, मॅडम?"

"हो," मी म्हणाले. "एवढंच होतं."